मांजरांसाठी घरगुती कच्चा आहार आणि त्याचा खर्च : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेड, लातूर, बीड आणि आसपासच्या तालुक्यांतील मांजरपाळकांकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. हिशोब मांडण्यासाठी काही दर गृहीत धरले आहेत : कातडीसह चिकनची तंगडी २४० रुपये किलो, पोटा-कलेजी १६० रुपये किलो, अंडे ७ रुपये. भाव गावागणिक आणि आठवड्यागणिक बदलतात, म्हणून प्रत्येकाने आपल्या दुकानातील दर घालून हाच हिशोब पुन्हा मांडावा. वेगळा उल्लेख नसेल तेथे मांजर म्हणजे सुमारे ४ किलो वजनाचे, घरात राहणारे, निरोगी प्रौढ मांजर समजावे.

१. कच्चा आहार म्हणजे नेमके काय? रोज थोडे कच्चे चिकन वाटीत घातले की झाले, असे नाही का?

नाही. मांजर निसर्गात उंदीर किंवा पाखरू खाते तेव्हा ते मांसाबरोबर हाडे, काळीज, हृदय आणि रक्तही खाते. त्यातून त्याला मांसपेशीत नसलेली किंवा अपुरी असलेली द्रव्ये मिळतात. घरगुती कच्चा आहार म्हणजे हे सगळे घटक योग्य प्रमाणात पुन्हा जुळवणे होय. त्यात हाडाविना मांस, थोडे हृदय व पोटा, सुमारे पाच टक्के कलेजी, कॅल्शियमचा स्रोत आणि काही पूरक द्रव्ये येतात. माणूस किंवा कुत्रा गाजरातील घटकापासून जीवनसत्त्व अ तयार करू शकतो. मांजराला ते जमत नाही, त्याला ते प्राणिज अन्नातून तयारच मिळावे लागते. उन्हात बसून त्याच्या त्वचेत पुरेसे जीवनसत्त्व डही तयार होत नाही. त्यामुळे ‘नुसते चिकन’ हा आहाराचा एक भाग आहे, पूर्ण आहार नव्हे. या पानावरील खर्चाचे सर्व आकडे पूर्ण आहाराचे आहेत.

२. एका मांजराला दिवसाला किती मांस लागते?

प्रौढ मांजराला वजनाच्या साधारण ३ ते ४ टक्के कच्चा आहार लागतो. ४ किलोच्या मांजरासाठी येथे दिवसाला १५० ग्रॅम धरले आहे. इतक्या वजनाच्या घरबश्या मांजराला साधारण २०० ते २४० कॅलरी पुरतात आणि कातडीचा काही भाग ठेवलेल्या तंगडीच्या १५० ग्रॅम मांसातून त्या मिळतात. येथे एक गोष्ट खर्चाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. आपल्याकडे बहुतेक दुकानांत कातडी काढूनच चिकन दिले जाते आणि अनेक जण मांजरासाठीही छातीचे बोनलेस मांस घेतात. ते महाग असते, त्यात चरबी फारच कमी असते आणि त्यामुळे तेवढ्याच कॅलरीसाठी जास्त ग्रॅम लागतात, म्हणजे पैसे दोन्हीकडून जातात. नसबंदी झालेल्या मांजराची भूक वाढते आणि गरज कमी होते. त्याच्या बाबतीत भुकेवर न जाता दर आठवड्याच्या वजनावरून प्रमाण ठरवावे.

३. महिन्याला एका मांजरामागे एकूण खर्च किती येतो?

गृहीत दरांनी सुमारे १,८०० रुपये, म्हणजे दिवसाला ६० रुपये. १५० ग्रॅमप्रमाणे महिन्याला साडेचार किलो आहार लागतो. त्यात ३.८ किलो हाडाविना मांस धरले, तर तंगडीतून हाड काढल्यावर सुमारे ७२ टक्के मांस हाती येत असल्याने ५.३ किलो तंगड्या विकत घ्याव्या लागतात आणि त्याचे १,२७२ रुपये होतात. हृदय व पोटा मिळून ४५० ग्रॅमचे ७२ रुपये, कलेजी २२५ ग्रॅमची ३६ रुपये आणि पाच अंड्यांचे ३५ रुपये धरल्यावर ही रक्कम १,४१५ रुपयांवर जाते. अंड्यांचा पिवळा बलक आहारात जातो आणि टरफले कॅल्शियमसाठी वापरली जातात.

बहुतेक जण हिशोब येथेच थांबवतात. पण टॉरिन (मांजराच्या डोळ्यांना आणि हृदयाला आवश्यक असलेले द्रव्य), जीवनसत्त्व ई, ब गटातील जीवनसत्त्वे, माशाचे तेल आणि सूक्ष्म खनिजे यांसाठी महिन्याला सुमारे ३०० रुपये धरणे आवश्यक आहे. यापैकी टॉरिन सर्वांत स्वस्त पडते. दिवसाला २५० मिलिग्रॅम दिले, तर १०० ग्रॅमची पुडी वर्षभराहून अधिक पुरते आणि ती ९०० रुपयांना मिळाली, तरी महिन्याचा वाटा ७० रुपयांच्या आत राहतो. याशिवाय वाटीत उरलेले, वीज गेल्याने खराब झालेले किंवा मांजराने नाकारलेले अन्न टाकून द्यावे लागते. त्यासाठी मांसाच्या किमतीच्या सात टक्के, म्हणजे १०० रुपये धरावेत. तंगड्यांतून निघालेली दीड किलो हाडे घरच्या रश्श्याला वापरली, तर त्यांची किंमत या हिशोबातून वजा करायला हरकत नाही. मात्र त्यातील शिजलेले हाड मांजरापुढे जाऊ नये (प्रश्न १२ पाहा).

४. मग हे दुकानातल्या तयार खाद्यापेक्षा स्वस्त पडते की महाग?

कोरड्या खाद्यापेक्षा महाग आणि ओल्या पाकिटांपेक्षा स्वस्त. ४०० रुपये किलो दराचे कोरडे खाद्य दिवसाला ६० ते ६५ ग्रॅम लागते आणि महिन्याचा खर्च ८०० रुपयांच्या आत बसतो. ओल्या खाद्याची ४० रुपयांची तीन पाकिटे रोज दिली, तर महिन्याला ३,६०० रुपये होतात. ‘घरचे म्हणजे स्वस्त’ या समजुतीने कच्चा आहार सुरू करणाऱ्यांना आम्ही नेहमी हाच हिशोब पाठवतो. ज्यांचे मासिक अंदाजपत्रक हजार रुपयांच्या आत आहे, त्यांनी ‘संपूर्ण आणि संतुलित’ असे स्पष्ट लिहिलेले कोरडे खाद्य द्यावे, भरपूर पाणी ठेवावे आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. अर्धवट कच्च्या आहारापेक्षा ते मांजरासाठी निश्चितपणे चांगले आहे.

५. पूरक द्रव्ये वगळली तर महिन्याला तीनशे रुपये वाचतात. मांजर तर छान दिसते आहे. इतके काय बिघडणार आहे?

बिघाड होतो, पण तो अनेक महिने दिसत नाही. म्हणूनच हा प्रश्न इतक्या वेळा येतो. टॉरिनची कमतरता झाली, तर मांजराच्या डोळ्यातील पडदा झिजतो आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगते आणि मांजर दगावू शकते. टॉरिनअभावी होणाऱ्या या हृदयविकाराचा उलगडा १९८७ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी केला. त्या काळी काही तयार खाद्यांतही टॉरिन अपुरे होते आणि त्यानंतर खाद्यकंपन्यांनी त्याचे प्रमाण वाढवले. हृदय आणि तंगडीचे गडद मांस यांत टॉरिन छातीच्या मांसापेक्षा कितीतरी अधिक असते, परंतु कीमा करताना, गोठवताना आणि वितळताना सुटणाऱ्या पाण्याबरोबर त्यातील काही निघून जाते. म्हणून वरून घालणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

कॅल्शियमचे गणित याहून कठोर आहे. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अत्यल्प असते. आहारात मात्र कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा किंचित अधिक असावे लागते. नुसत्या मांसावर ठेवलेल्या मांजराचे शरीर रक्तातील कॅल्शियमची पातळी टिकवण्यासाठी स्वतःच्या हाडांतून ते काढू लागते. पिल्लांत याचे परिणाम काही आठवड्यांतच दिसतात. ओट्यावरून साधी उडी मारल्यावर पाय मोडतो. एका मोडलेल्या पायाचे क्ष-किरण चित्र, प्लास्टर किंवा शस्त्रक्रिया आणि जिल्ह्याच्या गावी होणाऱ्या फेऱ्या यांचा खर्च वर्षभराच्या पूरक द्रव्यांपेक्षा सहज जास्त होतो, आणि त्यात मांजराला होणाऱ्या वेदना मोजलेल्या नाहीत.

इंटरनेटवरील पाककृतींवर विसंबून राहणाऱ्यांसाठी एक माहिती महत्त्वाची आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, त्याच डेव्हिसच्या विद्यापीठातील पशुवैद्यकांनी, मांजरांसाठीच्या ११४ घरगुती पाककृती गोळा करून तपासल्या आणि त्यांपैकी एकही पोषणाच्या सर्व निकषांवर पूर्ण उतरली नाही. पाककृती पशुवैद्यकाकडून तपासून घेण्याची फी हा म्हणूनच टाळता न येणारा खर्च समजावा. मराठवाड्यात परभणी आणि उदगीर या दोन ठिकाणी पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि आहाराविषयी सल्ला विचारण्यासाठी ती योग्य ठिकाणे आहेत.

६. कॅल्शियमसाठी अंड्याची टरफले चांगली की हाडासकट कीमा? स्वस्त काय?

एका मांजरासाठी टरफलेच स्वस्त. ती धुऊन, उकळून, कडक वाळवून मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक करावीत. एका टरफलाची पूड साधारण ५ ते ६ ग्रॅम भरते आणि त्यात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते; एक किलो हाडाविना मांसाला एवढी पूड पुरते. पूड चमच्याच्या अंदाजाने न घेता काट्यावर मोजावी.

हाडासकट कीम्यासाठी चिकनच्या माना सोयीच्या असतात. मानेच्या वजनापैकी साधारण एक तृतीयांश भाग हाड असते. एकूण आहारात चौथा हिस्सा माना घेतल्या, तर हाडाचे प्रमाण नऊ टक्क्यांच्या आसपास येते आणि टरफलांची गरज उरत नाही. माना १२० रुपये किलोने मिळाल्या, तर सुमारे ३३३ रुपये किलो पडणाऱ्या हाडाविना मांसाऐवजी महिन्याला एक किलो माना वापरून २१० रुपये वाचतात, म्हणजे दोन हजार रुपयांचे हाताने फिरवायचे कीमा यंत्र दहा महिन्यांत वसूल होते. मात्र माना आणि टरफले दोन्ही घातली, तर कॅल्शियम जास्त होते, मांजराला बद्धकोष्ठता होते आणि विष्ठा खडूसारखी पांढरी पडते.

७. चिकनवाला मुंडी, आतडी आणि कातडी फुकट देतो. त्यावर भागणार नाही का?

भागणार नाही. आतड्यांत साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूंचे प्रमाण सर्वाधिक असते आणि दुकानातील टोपलीत ती तासन्‌तास उघड्यावर पडलेली असतात. कातडीत मुख्यतः चरबी असते. फुकट मिळणाऱ्या गोष्टींपैकी ताजी मान तेवढी उपयोगी आहे, तीही आपल्यासमोर कापलेल्या कोंबडीची असेल तर.

८. चिकनऐवजी मटण, मोठ्या जनावराचे मांस किंवा मासे दिले तर?

मटण मांजरासाठी उत्तम असले, तरी चिकनच्या तिप्पट दराने रोज देणे फार थोड्यांना परवडेल. महिन्यातून एखाद्या वेळी बकऱ्याचे हृदय मिळाले, तर ते अवश्य घ्यावे. म्हशीचे मांस मटणाच्या तुलनेत खूप स्वस्त असते आणि संभाजीनगर, नांदेड, परभणी येथे परवानाधारक दुकानांत मिळते. राज्यात २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर गायीप्रमाणेच बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे, म्हैसवर्ग त्या बंदीत येत नाही. म्हणून खरेदी परवानाधारक दुकानातूनच करावी. चिकन आणि म्हशीचे मांस आलटून पालटून दिले, तर लोह आणि जस्त यांची बाजूही सुधारते.

माशांबद्दल मात्र सावध राहावे. पैठणच्या नाथसागरातील किंवा गावच्या तलावातील मासे स्वस्त आणि ताजे मिळतात हे खरे आहे, परंतु कार्प कुळातील (रोहू, कटला यांच्या कुळातील) काही कच्च्या माशांत थायमिन म्हणजे जीवनसत्त्व ब१ नष्ट करणारे विकर (एन्झाइम) असते. असे मासे रोज दिल्यास मांजराला झटके येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. शिजवल्यावर हे विकर निकामी होते. शिवाय माशांवरच ठेवलेल्या मांजराला जीवनसत्त्व ई कमी पडून चरबीचा वेदनादायक दाह होतो. म्हणून मासा आठवड्यातून एकदा, शिजवून आणि काटे काढून द्यावा.

९. चिकन वर्षात कधी स्वस्त असते? तेव्हा साठवून ठेवावे का?

श्रावणात मागणी घटते आणि भाव उतरतात. नवरात्रात आणि मार्गशीर्षातही काही प्रमाणात हेच होते. आषाढ संपताना, आखाडाच्या दिवसांत, भाव चढतात. त्यामुळे आषाढ लागण्यापूर्वी महिनाभराचा साठा करून ठेवणे आणि पुढची मोठी खरेदी श्रावणात करणे फायद्याचे ठरते. परंतु साठा करण्यासाठी खरोखर उणे १८ अंशांपर्यंत जाणारा फ्रीझर हवा (प्रश्न १० पाहा) आणि तसा साठाही दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नये. बर्ड फ्लूच्या बातमीमुळे भाव कोसळतात, तेव्हा मात्र कच्च्या आहारासाठी खरेदी अजिबात करू नये. कारण प्रश्न ११ मध्ये दिले आहे.

१०. आमच्याकडे एकदारी फ्रीज आहे, वीज जाते आणि उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर असतो. तरी कच्चा आहार जमेल का?

जमेल, पण महिन्याचा साठा जमणार नाही. एकदारी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात तापमान बहुधा उणे १८ अंशांपर्यंत उतरत नाही. तेथे शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर ठेवून एकदा पाहावे. तापमान उतरत नसेल, तर दोन-तीन दिवसांपुरतेच मांस आणावे आणि एका वेळचे एक याप्रमाणे डब्यांत भरून ठेवावे. भरलेला आणि न उघडलेला फ्रीझर वीज गेल्यावर साधारण दोन दिवस गार राहतो, अर्धा भरलेला एकच दिवस. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवणे हा भारनियमनावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. पूर्ण वितळलेले आणि कोमट झालेले मांस पुन्हा गोठवू नये. मांस वितळवायचे ते फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ओट्यावर नव्हे.

एप्रिल-मे महिन्यांत वाटी खाली ठेवल्यापासून अर्ध्या तासात उचलावी. खोलीचे तापमान बत्तीस अंशांच्या वर गेले की मांसासाठी एक तास हीच कमाल मर्यादा मानली जाते, आणि आपल्याकडील पत्र्याच्या घरांत तापमान त्याहून पुष्कळ वर असते. ज्या भागांत टँकरवर दिवस काढावे लागतात, तेथे सुरी, पाट, कीमा यंत्र आणि वाट्या प्रत्येक वेळी गरम पाण्याने व साबणाने धुणे जमणार आहे का, हाही विचार आधी करावा. ते जमणार नसेल, तर उन्हाळ्याचे तीन महिने कोरडे खाद्य द्यावे, असेच आम्ही सुचवतो.

११. बर्ड फ्लूच्या काळात कच्चे चिकन द्यावे का? गोठवल्यावर विषाणू मरत नाही का?

देऊ नये, आणि गोठवल्याने विषाणू मरत नाही. गोठवणे उलट त्याला टिकवते. साल्मोनेलाही गोठवल्याने नष्ट होत नाही.

हा प्रश्न मराठवाड्यासाठी दूरचा नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या दगावल्या आणि त्यांना बर्ड फ्लू झाल्याचे तपासणीत निष्पन्न झाले. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात मृत कावळ्यांमध्ये हाच रोग आढळला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रातील तीन वाघ आणि एक बिबट्या यांच्या मृत्यूमागे एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू असल्याचे स्पष्ट झाले आणि मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे पाळीव मांजरांतही त्याचा संसर्ग आढळला. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील ओरेगन राज्यात एका घरगुती मांजराचा मृत्यू गोठवलेल्या कच्च्या टर्कीच्या खाद्यातून झालेल्या संसर्गाने झाला, असे तेथील यंत्रणांनी जाहीर केले. मार्जारकुळातील प्राणी या विषाणूला फार लवकर बळी पडतात आणि त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण मोठे असते.

म्हणून आपल्या किंवा शेजारच्या जिल्ह्यात कोंबड्या अथवा कावळे मोठ्या संख्येने मरत असल्याचे कानावर आले, की शासकीय घोषणेची वाट न पाहता चिकन पूर्ण शिजवून द्यावे. मांसाच्या आतल्या भागापर्यंत ७० अंश तापमान पोहोचले, की विषाणू नष्ट होतो. या काळात मांजराला बाहेरही सोडू नये, कारण मेलेला कावळा किंवा पारवा तोंडात धरून आणणे त्याच्या स्वभावातच आहे.

१२. तेच मिश्रण शिजवून दिले तर खर्च वाढतो का? पोषण कमी होते का?

खर्चात फारसा फरक पडत नाही. थोडा गॅस तेवढा वाढतो. हाडाविना मांस, हृदय, पोटा आणि कलेजी कमी पाण्यात झाकण ठेवून शिजवावी. उतरलेले पाणी न फेकता त्याच मिश्रणात मिसळावे, कारण टॉरिन आणि ब गटातील जीवनसत्त्वे पाण्यात उतरतात. मिश्रण पूर्ण गार झाल्यावर टरफलाची पूड आणि पूरक द्रव्ये घालावीत. हाडे मात्र कधीही शिजवून देऊ नयेत. शिजलेले हाड ठिसूळ होते, त्याच्या अणकुचीदार कपच्या होतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुततात. कांदा, लसूण, मसाला काहीही नको. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, म्हणून घरच्या रश्श्यातील तुकडा धुऊन दिला तरी चालत नाही. आमच्या मते मराठवाड्यातील बहुतेक घरांसाठी, विशेषतः उन्हाळ्यात, पूरक द्रव्यांसह शिजवलेला आहार हा कच्च्याइतकाच खर्चाचा आणि त्याहून कमी जोखमीचा मार्ग आहे. कच्च्या आहाराचे आकर्षण आम्हाला समजते. तरीही, ओलाव्याने भरलेले मांसप्रधान अन्न हा त्याचा खरा लाभ शिजवल्यानंतरही जवळजवळ तसाच राहतो.

१३. घरात मांसाहार चालत नाही. दूध-भाकरी आणि पनीरवर मांजर ठेवता येईल का?

येणार नाही. गावाकडच्या वाड्यांत दूध-भाकरीवर वाढलेली मांजरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, पण ती कणगीभोवतीचे उंदीर खाऊन जगत होती. बंद फ्लॅटमधील मांजराला तो मार्ग नाही. शिवाय बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातील साखर पचत नाही. अशा घरांत सीलबंद कोरडे खाद्य हाच व्यवहार्य पर्याय आहे आणि तो सर्वांत कमी खर्चाचाही आहे.

१४. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला कच्चा आहार स्वस्त पडेल ना? ते खातेच किती!

उलट, वजनाच्या मानाने पिल्लू प्रौढ मांजराच्या दुपटीहून अधिक खाते. एक किलोच्या पिल्लाला दिवसाला ८० ते १०० ग्रॅम लागते. चार-पाच महिन्यांचे होईपर्यंत त्याचा खर्च मोठ्या मांजराइतका होतो. कॅल्शियममधील चूकही त्याला सर्वांत लवकर भोवते (प्रश्न ५ पाहा). पशुवैद्यकाने पाककृती तपासून दिलेली नसेल, तर पहिले वर्ष पिल्लांसाठीचे तयार खाद्य द्यावे. गाभण किंवा पिलांना पाजणाऱ्या भाटीलाही हेच लागू आहे.

१५. आमच्याकडे तीन मांजरे आहेत. एकत्र केले तर प्रत्येकी खर्च कमी होईल का?

थोडासा. तीन मांजरांसाठी महिन्याला सुमारे १६ किलो तंगड्या लागतात आणि दुकानदाराने किलोमागे २० रुपये सोडले, तर ३२० रुपये वाचतात. पण एवढे मांस ठेवण्यासाठी वेगळा डीप फ्रीझर घेतला आणि त्याने रोज एक युनिट वीज घेतली, तर महिन्याच्या बिलात २५० ते ३०० रुपये वाढतात, म्हणजे सवलत तेथेच संपते. खरी बचत कीमा यंत्रात होते, कारण तिन्ही मांजरांसाठी माना वापरल्या, तर ते तीन-चार महिन्यांत वसूल होते. पंधरवड्यातून एकदा बसून सगळे डबे भरले, की रोजचा वेळही वाचतो.

१६. गल्लीतील सात-आठ मांजरांना रोज खाऊ घालतो. त्यांना कच्चे द्यावे का?

देऊ नये. उघड्यावर ठेवलेल्या कच्च्या मांसावर कुत्री, कावळे आणि माश्या येतात, शेजाऱ्यांची तक्रार येते आणि शेवटी त्याचा त्रास मांजरांनाच होतो. त्यांच्यासाठी कोरडे खाद्य, किंवा शिजवलेल्या चिकनमध्ये चौथा हिस्सा मऊ भात मिसळून, ठरलेल्या वेळी द्यावे आणि उरलेले उचलावे. ही मांजरे बाहेर शिकारही करतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत पोषणाचे गणित घरातील मांजराइतके काटेकोर नसते. पैसे शिल्लक राहत असतील, तर ते नसबंदीसाठी ठेवावेत.

१७. सुनेला दिवस गेले आहेत आणि घरात लहान मूलही आहे. कच्चा आहार बंद करावा का?

होय, बाळंतपण होईपर्यंत आणि मूल रांगते असेपर्यंत शिजवलेले किंवा तयार खाद्य द्यावे. कच्च्या मांसातून मांजराला टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची लागण होऊ शकते आणि त्याच्या विष्ठेतून ती गर्भवतीपर्यंत पोहोचू शकते. विष्ठेतील हे परजीवी संसर्गक्षम होण्यास किमान एक दिवस लागतो, म्हणून वाळूचे तसराळे रोज साफ करावे आणि ते काम गर्भवतीने करू नये. मांजर घराबाहेर काढण्याची गरज नाही. वडीलधाऱ्यांना एवढे समजावून सांगितले, तर बहुधा पुरते. वृद्ध, कर्करोगावर उपचार घेणारे किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे कोणी घरात असेल, तरी हाच नियम पाळावा.

१८. आमच्या बोक्याला मूत्रपिंडाचा आजार आहे. औषधी खाद्य फार महाग आहे. त्याऐवजी कच्चे मांस दिले तर?

देऊ नये. मूत्रपिंडाच्या आजारात फॉस्फरस मर्यादित ठेवावा लागतो आणि मांस-हाडांच्या आहारात तो भरपूर असतो. औषधी खाद्य परवडत नसेल, तर तसे पशुवैद्यकाला स्पष्ट सांगावे. कमी फॉस्फरसचा शिजवलेला आहार आणि फॉस्फरस बांधून ठेवणारे औषध असा मध्यम मार्ग अनेकदा काढता येतो.

१९. महागाचे सगळे आणले आणि मांजर तोंडच लावत नाही. उपाशी ठेवले तर खाईल का?

उपाशी ठेवू नये. मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडले, तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते. लठ्ठ मांजराला हा धोका अधिक असतो. जुन्या खाद्यात चमचाभर नवे मिसळून दहा-पंधरा दिवसांत हळूहळू प्रमाण वाढवावे, मिश्रण फ्रीजमधून काढल्यावर डबा गरम पाण्यात ठेवून अंगाइतके कोमट करावे, आणि पहिली खेप अर्ध्या किलोपेक्षा मोठी करू नये. पूरक द्रव्यांची मोठी पाकिटेही मांजर खाऊ लागल्यानंतरच घ्यावीत.

२०. पूर्ण कच्चा आहार परवडत नाही. कोरड्या खाद्यासोबत थोडे मांस दिले तर पूरक द्रव्ये लागतील का?

दिवसभराच्या कॅलरींपैकी दहा टक्क्यांपर्यंतच मांस दिले, तर लागत नाहीत, कारण उरलेल्या नव्वद टक्क्यांतून तयार खाद्य ती भरून काढते. ४ किलोच्या मांजरासाठी हे प्रमाण १५ ग्रॅम, म्हणजे बोटाच्या पेरांएवढे दोन तुकडे. महिन्याला ४५० ग्रॅम मांस लागेल आणि खर्च दीडशे रुपयांनी वाढेल, त्यातले सत्तर-पंच्याहत्तर रुपये कोरडे खाद्य तेवढे कमी लागल्याने परत मिळतील. मांसाचा वाटा याहून वाढवायचा असेल, तर त्या वाढीव मांसाला कॅल्शियम आणि टॉरिन घालावेच लागेल : एक किलोला एका टरफलाची पूड आणि दीड ते दोन ग्रॅम टॉरिन. बर्ड फ्लूविषयीची काळजी (प्रश्न ११) या छोट्या तुकड्यांनाही तितकीच लागू आहे, म्हणून शंका असलेल्या दिवसांत ते उकडून द्यावेत.